लिप-सिंक घसरतंय? तोंडं सरकवण्याआधी घसरण मोजा

ॲनिमेशनमधलं पात्र बोलतंय, पण शब्द एकीकडे आणि ओठ भलतीकडे. एका सीनमध्ये ओढूनताणून जुळवलं तरी पुढच्या सीनमध्ये तेच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात शाळेचे धडे, गणपतीचे देखावे, शिवजयंतीच्या चित्ररथावरचा पडदा, यूट्यूबवरच्या गोष्टी अशी कामं दोन-तीन जणांच्या गटात होतात. आवाज एकाच्या मोबाइलवर भरलेला असतो, चित्रं दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, रेंडर (चित्रांची तयार फिल्म काढणं) तिसऱ्याकडे. बिघाड शिरायला एवढ्या फटी पुरतात.

असं झालं की बहुतेक जण तोंडांचा अख्खा लेयर धरून दोन फ्रेम (फिल्ममधलं एकेक चित्र म्हणजे फ्रेम) डावीकडे ओढतात. पहिला संवाद जुळतो, शेवटचा आणखी बिघडतो. ‘जुळत नाही’ ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे तीन वेगळे बिघाड असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आधी मोजायचं.

सीनच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन शब्द निवडा, ज्यांत प, ब किंवा म ठसठशीत ऐकू येतो. ही ओठ मिटणारी अक्षरं, त्यामुळे डोळ्याला फसवता येत नाही. फ्रेम-फ्रेमने पुढे जात, आवाजातला प आणि चित्रातले मिटलेले ओठ यांत किती फ्रेमचं अंतर आहे ते तिन्ही जागी लिहून काढा. तिन्हीकडे सारखंच अंतर (समजा ३, ३, ३) असेल तर सगळा आवाज एका ठरावीक अंतराने सरकलाय. अंतर वाढत जात असेल (१, ६, ११) तर वेग जुळत नाही. आकडे कसेही येत असतील (०, ४, उलट २) तर टाइमलाइन ठीक आहे, तोंडं चुकीची लावली आहेत.

मोजताना दिशाही लिहा. ओठ आधी आणि आवाज नंतर हे माणसाला सवयीचं आहे. लांबचा माणूस लाकूड फोडतो तेव्हा घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. आवाज आधी आणि ओठ नंतर हे मात्र लगेच खटकतं. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीटी.१३५९ या शिफारशीत हा फरक आकड्यांत आहे: आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लक्षात येऊ लागतं, मागे पडला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. सेकंदाला २५ फ्रेमच्या कामात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे ओठ एक-दोन फ्रेम लवकर हलले तर चालतं, एक फ्रेमपेक्षा जास्त उशिरा हलले तर चालत नाही. जुने ॲनिमेटर तोंड मुद्दाम एक फ्रेम आधी ठेवतात ते यामुळेच.

तिन्हीकडे सारखंच अंतर

पहिला संशय कानातल्या ब्लूटूथवर घ्या. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. व्हिडिओ प्लेअर त्या हिशेबाने चित्र थांबवून धरतो, ॲनिमेशनची सॉफ्टवेअर सहसा तसं करत नाहीत. कानाला जुळेल असं तोंड लावत गेलात की प्रत्येक तोंड ४ ते ६ फ्रेम उशिरा बसतं. तुम्हाला अगदी बरोबर दिसतं, बघणाऱ्याला आवाज आधी आणि ओठ नंतर. लिप-सिंकसाठी वायरचा इअरफोन लागतो, दोनशे रुपयांचासुद्धा चालेल. ब्लूटूथवर झालेलं काम असेल तर वायर लावून पुन्हा तिन्ही जागी मोजा. अंतर सारखंच निघालं तर तोंडांचा अख्खा लेयर तेवढा डावीकडे, म्हणजे आधी, ओढणं हाच उपाय. तो इथे चालतो, बाकी कुठे नाही.

दुसरा संशय फाइलच्या प्रकारावर. एमपी३ आणि एएसी हे प्रकार आवाज दाबताना सुरुवातीला थोडी शांतता चिकटवतात. एमपी३मध्ये एकदा दाबून उघडलं की साधारण ११०५ सॅम्पल (आवाजाच्या सुट्या नोंदी), म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला २५ मिलिसेकंद. एएसीमध्ये बऱ्याचदा २११२ सॅम्पल, म्हणजे ४८ मिलिसेकंद, एका फ्रेमपेक्षा थोडं जास्त. चांगला प्लेअर ती शांतता कापून टाकतो, सगळी सॉफ्टवेअर कापत नाहीत. मोबाइलमधली एमफोरए फाइल, तिची एमपी३, मग एडिटिंगमधून पुन्हा एएसी असा तीन घरचा पाहुणचार झाला की दोन-तीन फ्रेम सहज जातात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेव्ह फाइल ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. एका मिनिटाला साडेपाच-पावणेसहा एमबी होते. आवाज व्हॉइस नोटने मागवू नका, त्यात तो दाबला जातो आणि स, श, फ बोथट होतात. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

तिसरं कारण बिघाड नसून भास असतो. जुन्या लॅपटॉपवर सीन जड झाला की चित्र अडखळतं आणि आवाज पुढे पळतो. ब्लेंडर या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनच्या प्लेबॅक मेनूत ‘प्ले एव्हरी फ्रेम’ असेल तर हे हमखास होतं, तिथे ‘सिंक टू ऑडिओ’ निवडा. तरीही डोळ्यावर विश्वास ठेवू नका. त्या दहा सेकंदांचा लहान आकाराचा रेंडर काढा आणि तो बघून ठरवा. प्रिव्ह्यू बघून तोंडं सरकवणाऱ्याने बरोबर असलेलं काम आपल्या हाताने मोडलं असं समजा.

ॲडोबी ॲनिमेटवाल्यांसाठी एकच ओळ: ध्वनीचा सिंक ‘इव्हेंट’वर असेल तर तो टाइमलाइनला बांधलेलाच नसतो, ‘स्ट्रीम’ करा.

अंतर वाढत जातंय

इथे ओढाओढीचा काही उपयोग नाही. कुठेतरी दोन घड्याळं वेगळ्या वेगाने चालताहेत, ती शोधायची.

सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते २४ आणि २५ (फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम). ब्लेंडरची नवी फाइल २४ने उघडते, एडिटिंगचा प्रोजेक्ट कुणीतरी २५ने उघडलेला असतो. २५च्या हिशेबाने लावलेली एका मिनिटाची १५०० चित्रं २४ने चालवली तर ६२.५ सेकंद लागतात. मिनिटाला अडीच सेकंदांची घसरण, म्हणजे दहाव्या सेकंदालाच दहा फ्रेम. इतकं असेल तर मोजत बसायचीही गरज नाही, पहिल्याच संवादाच्या शेवटी कळतं. ३० आणि २९.९७ची चूक मात्र चोरपावलांनी येते: मिनिटाला ०.०६ सेकंद, जेमतेम दोन फ्रेम. छोट्या क्लिपमध्ये कळत नाही, तीन मिनिटांच्या गोष्टीत शेवटी पाच फ्रेमचं अंतर पडतं आणि ‘सुरुवातीला बरोबर होतं हो’ अशी तक्रार येते.

काम अर्धं झाल्यावर फ्रेम रेट बदलणं ही यातलीच पोटचूक. कीफ्रेम (जिथे तोंडाचा बदल नोंदवलेला असतो) फ्रेमच्या क्रमांकाला चिकटलेल्या असतात, आवाज सेकंदाला. क्रमांक ५००वरचं तोंड २४ने चालवताना २०.८व्या सेकंदाला येतं, २५ने चालवताना २०व्या सेकंदाला. आवाज होता तिथेच राहतो. फ्रेम रेट पहिली कीफ्रेम टाकण्याआधी ठरवा आणि फाइलच्या नावात लिहा: ‘धडा३_सीन२_२५’. दिसायला बावळट वाटतं, पण रेंडर करणारा माणूस फोन न करता बरोबर सेटिंग लावतो.

तोंडांचा डेटा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणत असाल तर आणखी एक जागा तपासा. ऱ्हुबार्ब लिप सिंक या आवाज ऐकून आपोआप तोंडं ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून डॅट फाइल काढली तर तिच्यात सेकंद नसतात, फ्रेमचे क्रमांक असतात, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ते २४च्या हिशेबाने पडतात. मोहो किंवा ओपनटून्झ या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट २५चा असेल तर शंभराव्या फ्रेमपर्यंत चार फ्रेमची चूक तयार. डॅट काढतानाच फ्रेम रेट सांगा. पापागायो या लिप-सिंकच्या सॉफ्टवेअरमध्येही प्रोजेक्टचा फ्रेम रेट आधी बघा.

आवाजाच्या बाजूने बघायचं तर ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झची गल्लत. ४४.१ची फाइल ४८ समजून वाजली तर एका मिनिटाचा संवाद ५५ सेकंदांत उरकतो आणि आवाज जवळजवळ दीड अर्धस्वराने (सेमीटोनने) चढतो. आजोबांचं पात्र अचानक तरुण वाटायला लागलं तर हेच समजा. उलट झालं तर ६५ सेकंद आणि घोगरा आवाज. फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ट्रॅकचा रेट बघा आणि निर्यात करताना ४८ निवडा. ट्रॅकच्या मेनूतून नुसता आकडा बदलू नका, त्याने आवाज बदलतो. रूपांतरासाठी ‘रीसॅम्पल’ हा वेगळा पर्याय आहे.

मोबाइलवर कलाकाराच्या ओठांचा व्हिडिओ काढून तो संदर्भाला ठेवत असाल तर फार चांगलं, पण मोबाइलचे व्हिडिओ बहुधा एकसारख्या फ्रेम रेटने चालत नाहीत. उजेड कमी झाला की फोन फ्रेम गाळतो. असा व्हिडिओ टाइमलाइनवर टाकला की तो कधी मागे, कधी पुढे सरकतो आणि त्याच्यावरून लावलेली तोंडंही सरकतात. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून २५चा करून घ्या आणि मगच वापरा.

आकडे कसेही येताहेत: तोंडंच चुकली आहेत

खरं काम इथे आहे. बहुतेक चुका एकाच सवयीतून येतात: संहिता समोर ठेवून अक्षराला तोंड लावणं. ओठ लिपी वाचत नाहीत.

सुरुवात प आणि ब पासून करू. वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) प आधी सपाट रेघ आणि मग टोकदार सुळका असा दिसतो (ब असेल तर रेघेवर बारीक थरथर असते). नवा माणूस सुळका बघतो आणि तिथे मिटलेलं तोंड ठेवतो. पण सुळका हा ओठ उघडल्याचा आवाज आहे. ओठ मिटलेले होते ते आधीच्या सपाट रेघेवर. मिटलेलं तोंड रेघेवर, उघडं तोंड सुळक्यावर. एवढी एक गोष्ट सुधारली तरी निम्म्या तक्रारी मिटतात. वाक्य प ने सुरू होत असेल तर आधीची शांतता आणि पची रेघ यांत फरक दिसत नाही, तिथे सुळक्याच्या आधीच्या दोन फ्रेम मिटलेल्या ठेवा. म चं वेगळं: ओठ मिटलेले असतानाच नाकातून आवाज चालू असतो, त्यामुळे मिटलेलं तोंड त्या गुंजनावरच.

मिटलेलं तोंड एका फ्रेमचं ठेवू नका, डोळ्याला ते दिसतच नाही. किमान दोन फ्रेम. बोलणं भरभर असेल आणि जागा नसेल तर ती आधीच्या स्वराकडून घ्या, पुढच्याकडून नको. पुढच्याकडून घेतली की ओठ आवाजाच्या मागे पडतात.

आता जोडाक्षरं. आपल्याकडच्या घरगुती हाकाच बघा: आप्पा, अव्वा, अण्णा, अक्का. ‘आप्पा’त ओठ मिटून चांगले तीन-चार फ्रेम थांबतात, ‘आपा’ म्हटलं तर दोनच. हा थांबा कापला की पात्र कानाला बेळगावचं आणि डोळ्याला परगावचं वाटतं. ‘अव्वा’त खालचा ओठ दातांजवळ तीन फ्रेम धरा. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’त ओठांना काहीच काम नाही, सगळं जिभेचं, तिथे तोंड अर्धं उघडं ठेवून स्वस्थ बसा. ‘अण्णा’त मिटलेलं तोंड घातलेलं वारंवार दिसतं, न म्हणजे म अशा हिशेबाने.

तीच चूक अनुस्वारात. आंबा, लांब, कुटुंब यांत अनुस्वार म् चा आहे, ओठ मिटतात. कुंदा, संत, पंच यांत तो न् सारखा, ओठ मिटत नाहीत. रंग, अंक यांतही नाही. संवाद म्हणताना बरेच जण ‘सौंवाद’ म्हणतात आणि सिंह म्हणताना ‘सिंव्ह’, म्हणून तिथे ओठ गोल किंवा दाताजवळ येतात, पण मिटत नाहीत. टिंबाच्या पुढचं अक्षर बघायचं आणि मग तोंड ठरवायचं.

च, ज, झ यांना दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’ (संख्या) म्हणताना ओठ किंचित पुढे येतात, ‘चारा’ म्हणताना दात जवळ येतात आणि ओठ बाजूला ताणतात. एकच तोंड दोन्हीला लावू नका. फ बद्दल नियम सांगता येत नाही: ‘फळ’ म्हणताना ओठ मिटून उघडणारेही आहेत आणि दात ओठावर घासणारेही. कलाकार कुठल्या जातीचा आहे ते कानाने ठरवा. ळ आणि ण बाहेरून दिसत नाहीत. ल ला जीभ वर दिसते, पण ती दाखवायची ती ठळक ल असेल तिथेच. प्रत्येक ल ला जीभ काढली तर पात्र वेडावून दाखवतंय असं वाटतं.

अ हा मराठीतला सगळ्यात जास्त फसवणारा स्वर. तो आ चा धाकटा भाऊ नाही. तोंड जेमतेम उघडतं. अ ला आ चं मोठं तोंड लावलं की जबडा सतत वर-खाली होतो आणि पात्र पान चघळल्यासारखं बोलतं. शिवाय लिहिलेला प्रत्येक अ उच्चारात नसतोच: ‘आणला’ म्हणजे ‘आण्ला’, ‘करतो’ म्हणजे ‘कर्तो’. अक्षरं तीन, उघडझाप दोनदा.

आणि आपल्या भागातली खास अडचण. संहिता पुणेरी मराठीत लिहिलेली असते आणि बोलणारी कलाकार बेळगावची. कागदावर ‘मी आत्ताच आले’, आवाजात ‘मी आत्ताच आलो’. आपल्याकडे बायकाही ‘आलो, गेलो’ म्हणतात, त्यात चूक काही नाही, पण तोंडं कागदावरून लावली तर वाक्याच्या शेवटी आवाज ओ चा आणि ओठ ए साठी फाकलेले. वाक्याचा शेवट प्रेक्षक सर्वांत नीट बघतो, कारण तिथे तोंड थांबतं. तसंच शेवटी येणारा ‘की’: ‘बस की’, ‘ये की रे’. कागदावर तो नसतो, बोलताना आपसूक येतो आणि लांबतो. रेकॉर्डिंग झाल्यावर आवाज ऐकून संहिता पुन्हा लिहून काढा, जसं बोललंय तसं. तोंडं त्या कागदावरून.

एक वाक्य २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर उघडून बघू: ‘आप्पा, कुंदा आणला की?’ आवाज ११व्या फ्रेमला सुरू होतो असं धरा. तोंड एक फ्रेम आधी, १०वर आ ने उघडतं आणि १३पर्यंत राहतं. १४ ते १७ मिटलेलं, सुळका १८वर. १८ ते २१ पुन्हा आ, २२-२३ला अर्धं मिटत आलेलं. स्वल्पविरामाची जागा २४ ते २६: इथे तोंड सैल ठेवा, घट्ट मिटू नका, नाहीतर कुंदाच्या आधी एक खोटा प दिसतो. २७ ते २९ उ चा चंबू. क चा आवाज २८ला असला तरी ओठ उ ची तयारी आधीच करतात, म्हणून क ला स्वतःचं तोंड नाही. ३०-३१ दात जवळ, न्द साठी. ३२ ते ३८ मोठा आ: ‘दा’ आणि ‘आ’ सलग आहेत, मध्ये तोंड बंद करू नका, फक्त ३५वर किंचित लहान करा. ३९-४० अर्धं उघडं (ण्), ४१-४२ जीभ वर (ल), ४३ ते ४५ आ. ४६ ते ५० ‘की’साठी ओठ फाकलेले, ५१-५२ सैल, ५३ला स्वस्थ. पावणेदोन सेकंदांत अक्षरं आठ आणि तोंडाचे ठळक बदल दहाच्या आसपास. तुमच्या कलाकाराचे आकडे वेगळे पडतील, पण यापेक्षा दुप्पट बदल लागत असतील तर तुम्ही अक्षरं मोजताय.

तोंडांचा संच मराठीला दहाचा पुरतो: घट्ट मिटलेलं, स्वस्थ, दात जवळ, इ-ए, अ, आ, ओ, उ, दात-ओठ (व, फ) आणि जीभ वर. स्वस्थ आणि घट्ट मिटलेलं ही दोन वेगळी काढाच. मिटलेल्या तोंडात ओठ थोडे आत दाबलेले असतात. एकच चित्र दोन्हीला वापरलं तर गप्प बसलेलं पात्रही कायम म म्हणत असल्यासारखं दिसतं.

आपोआप तोंड लावणारं सॉफ्टवेअर मराठीत का चुकतं

ऱ्हुबार्ब मूळ सेटिंगला इंग्रजी शब्द ओळखायला बघतं. मराठी ऐकवलं की ते जवळचा इंग्रजी शब्द पकडतं आणि त्याचं तोंड लावतं. आज्ञेत ओळखण्याची पद्धत ‘फोनेटिक’ अशी द्या, ती भाषेवर अवलंबून नाही. सोबत संवादाची मजकूर फाइल जोडायची सोय आहे ती इंग्रजीसाठी. देवनागरी मजकूर देऊन काही सुधारत नाही.

‘मधेच तोंड गायब होतं’ ही तक्रार आली तर फाइल बघायची गरज नाही. ऱ्हुबार्बचे मूळ आकार सहा, ए ते एफ. त्यावर जी (दात-ओठ), एच (जीभ) आणि एक्स (स्वस्थ) हे जादाचे तीन. तुम्ही ते काढले नसतील तरी सॉफ्टवेअर ते मागतं, आणि चित्र नसलं की जागा रिकामी राहते. जादाच्या आकारांच्या पर्यायात फक्त काढलेले आकार लिहा.

शांततेतही ओठ हलत असतील तर दोष खोलीचा. जून ते सप्टेंबर खानापूरकडे पत्र्याच्या किंवा कौलाच्या छपराखाली रेकॉर्डिंग केलं की पावसाचा आवाज स आणि श सारखा धरला जातो आणि पात्र गप्प असताना पुटपुटतं. पंख्याची आणि इन्व्हर्टरची घरघर खालच्या पट्टीत असते, ती ८० हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने (त्याखालचा आवाज गाळणाऱ्या) काही प्रमाणात जाते. पाऊस जात नाही, तो सगळ्या पट्टीभर पसरलेला असतो. गाद्या-रजया लावलेली आतली खोली, माइक तोंडापासून एक वीत, थोडा बाजूला, आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास. तरी कुरकुर राहिली तर त्या आवाजाची एक प्रत काढा, तिच्यावर नॉइज रिडक्शन आणि गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) बेधडक लावा आणि ती प्रत फक्त सॉफ्टवेअरला ऐकवायला वापरा. ती कानाला कितीही वाईट लागली तरी हरकत नाही, लांबी मात्र एका सॅम्पलनेही बदलता कामा नये. अंतिम फिल्मला मूळ आवाज. पार्श्वसंगीत मिसळलेला ट्रॅक सॉफ्टवेअरला कधीच देऊ नका, ढोलकीच्या प्रत्येक थापेला पात्र आ करेल.

आपोआप आलेली तोंडं हा कच्चा खर्डा. त्यावर हाताने एकच फेरी मारायची असेल तर फक्त प-ब-म आणि वाक्यांचे शेवट दुरुस्त करा. बाकी पन्नास चुका कुणाला दिसत नाहीत.

एकच चित्रपट्टी, मराठी आणि कन्नड

सीमाभागात हे काम हमखास येतं. वेळ आणि पैसा असेल तर तोंडांचे दोन लेयर करा, एक मराठीचा, एक कन्नडचा, बाकी ॲनिमेशन सामायिक. नसेल तर तोंड एका भाषेत पक्कं करा आणि दुसऱ्या भाषेचं भाषांतर ओठांकडे बघून करून घ्या. सगळं जुळवायला जाऊ नका, दोनच गोष्टी सांभाळा: ओठ मिटण्याच्या जागा आणि वाक्याचा शेवटचा स्वर.

शेवटच्या स्वरात पुस्तकी कन्नड त्रास देतं. मराठीत ‘होय की’ म्हणताना ओठ फाकलेले संपतात, ‘हौदु’ म्हणताना चंबू होऊन संपतात. पण आपल्याकडचं बोलीतलं ‘हौद्री’ घेतलं तर शेवट ई वरच येतो आणि तेच तोंड चालून जातं. सुरुवातीचा ओ-औही जवळचाच. उत्तर कर्नाटकातलं हे शेवटचं ‘री’ आणि आपलं ‘की’ ही जोडी डबिंग करणाऱ्याला मिळालेला आहेर आहे. वाक्य लांब पडलं तर आवाज ताणू नका. पाचेक टक्क्यांपलीकडे ताणलेला आवाज कळतो, त्यापेक्षा एक शब्द गाळा.

रेंडर बरोबर, मंडपात चूक

फाइल घरी जुळलेली असते आणि एलईडी पडद्यावर ओठ मागे पडतात. पडदा, प्रोजेक्टर किंवा टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला एक ते तीन फ्रेम घेतो, आवाज मात्र लॅपटॉपमधून सरळ मिक्सरला जातो. म्हणजे आवाज पुढे, नेमकी न चालणारी दिशा. टीव्ही असेल तर आधी ‘गेम मोड’ लावून बघा. व्हीएलसीत फिल्म चालू असताना कीबोर्डवरच्या ‘के’ने आवाज ५० मिलिसेकंदांनी मागे जातो, ‘जे’ने पुढे येतो.

किती मागे न्यायचा हे मिक्सरजवळ उभं राहून ठरवू नका. आवाजाला दहा मीटर जायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात. कर्ण्यापासून वीस मीटरवर बसलेल्यांना तो आपोआप दीड फ्रेम उशिरा पोहोचतो, त्यांच्यासाठी तुमची दुरुस्ती कदाचित नकोच असेल. प्रेक्षकांच्या मधल्या रांगेत जाऊन बघा आणि तिथून हाताने खूण करून दुसऱ्याला ‘के’ दाबायला सांगा.

हे चटकन मोजता यावं म्हणून प्रत्येक फिल्मच्या आधी दोन सेकंद आणि अगदी शेवटी एक-एक फ्रेमचा पांढरा पडदा आणि त्याच फ्रेमवर ‘टिक’ ठेवा. फिल्म लावण्याआधी फोनच्या स्लो-मोशनमध्ये पडदा आणि आवाज दोन्ही टिपा. पांढरा पडदा आणि ‘टिक’ यांतलं अंतर सुरुवातीला आणि शेवटी सारखं असेल तर ‘के’ पुरे. वाढलेलं असेल तर मंडपात काही करता येणार नाही, फाइल घेऊन वरच्या ‘अंतर वाढत जातंय’ या भागावर परत या.